नवा ट्रॅव्हल ट्रेलर ताब्यात घेणे आणि घरापर्यंत ओढून आणणे

नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, घेणाऱ्या कुटुंबाचे सगळे लक्ष खाटा किती, स्वयंपाकाचा ओटा कसा आणि महिन्याचा हप्ता किती बसतो याकडे असते. तो विक्रेत्याच्या आवारातून बाहेर काढून महामार्गावरून घरी आणायचा आहे, याची आठवण मात्र बहुधा आदल्या रात्री होते. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातील ओळखीच्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी मला नेमके याच दिवसाविषयी विचारले, म्हणून आम्ही आमचा २२ फुटी ट्रेलर मँटीकाहून फ्रीमाँटला कसा आणला, त्यात काय नीट झाले आणि कुठे चुकलो, हे क्रमाने लिहीत आहे. अंतर सुमारे ५० मैलांचेच आहे, पण वाटेत आल्टामाँटची खिंड आणि तिथला वारा, आणि पुढे सुनोलचा चढ-उतार लागतो, त्यामुळे नवख्या माणसाला शिकायचे बहुतेक सगळे या एका प्रवासात समोर येते. यातील कायद्याच्या बाबी कॅलिफोर्नियाच्या आहेत; अन्य राज्यांतील वाचकांनी वेगमर्यादा आणि परवान्याचे नियम आपापल्या राज्याचे पाहावेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे बरेचसे तिच्याभोवतीच आहे. आवाराच्या फाटकाच्या आत सापडलेला दोष तिथल्या तिथे, त्यांच्याच कारागिराकडून दुरुस्त होतो. फाटकाबाहेर सापडलेल्या दोषासाठी दुरुस्तीची वेळ मागावी लागते, ती कित्येक आठवड्यांनंतरची मिळते, आणि ट्रेलर पुन्हा तेवढेच मैल ओढत न्यावा लागतो. म्हणून ताबा घेण्यासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा आणि पाणी, वीज व गॅस या तिन्ही गोष्टी चालू करून पाहिल्याशिवाय शेवटची सही करू नये.

वजनाचा हिशेब घरी बसून करावा

आपली पिकअप किंवा एसयूव्ही हा ट्रेलर ओढू शकेल का, या प्रश्नाला विक्रीच्या दालनात मिळणारे उत्तर बहुधा एकाच आकड्यावर बेतलेले असते, तो म्हणजे वाहनाची ओढण्याची क्षमता. ती ९,००० पौंड आणि ट्रेलर ६,५०० पौंडांचा असला की काळजी मिटली असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक कौटुंबिक वाहनांची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी, पेलोडपाशी, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती भार पेलू शकते तिथे, संपते. चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते आणि माणसे व सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भार होता कामा नये, असे तिच्यावर लिहिलेले असते. आपल्या कामाचा आकडा तो. माहितीपत्रकातला पेलोडचा आकडा वापरू नये, कारण तो त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रचनेचा असतो, तर चिठ्ठीवरचा आकडा दारात उभ्या असलेल्या आपल्या गाडीचा असतो.

आता ट्रेलरच्या बाजूने पाहू. पुढे निघालेल्या त्रिकोणी लोखंडी चौकटीला टंग म्हणतात आणि तिच्यातून ओढणाऱ्या गाडीवर जो भार पडतो त्याला टंग वेट. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के एवढा हा भार असावा लागतो. तो कमी असला तर काय होते हे बैलगाडी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही: मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलरही असाच उलाळ होतो, आणि महामार्गाच्या वेगात उलाळ ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेत ओढणाऱ्या गाडीलाच फिरवू पाहतो. म्हणून जड सामान ट्रेलरच्या मध्यावर, चाकांच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवतात.

आमचाच हिशेब मांडतो. माहितीपत्रकाप्रमाणे रिकामा ट्रेलर ४,९०० पौंडांचा आणि त्याची कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ६,५०० पौंड. भांडी, अंथरुणे, खुर्च्या, किराणा आणि थोडे पाणी धरून आम्ही भरलेले वजन ६,००० पौंड मानले. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ७५० पौंड टंग वेट. माहितीपत्रकात हाच आकडा ५२० होता, पण तो गॅसच्या टाक्या आणि बॅटरी बसवण्यापूर्वीचा, आणि या दोन्ही गोष्टी नेमक्या टंगवरच बसतात; २० पौंडी गॅसची एक भरलेली टाकीच सुमारे ३७ पौंड भरते. गाडीच्या चिठ्ठीवर पेलोड १,४५० पौंड होता. त्यातून टंगचे ७५०, हिचच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सांगाड्याच्या, लोखंडाचे ९० आणि आम्हा चौघांचे ५६० वजा केले की उरतात ५० पौंड. म्हणजे २३ किलो, भारतातून येताना विमानात दिलेल्या एका बॅगेएवढे. हा आकडा कागदावर पाहिल्यावर आम्ही सायकली घरी ठेवल्या आणि कुकरपासून घडीच्या टेबलापर्यंतचे सामान गाडीच्या डिकीऐवजी ट्रेलरमध्ये, त्याच्या मर्यादेत राहून, ठेवायचे ठरवले. ट्रेलरच्या दारापाशी आत आणखी एक चिठ्ठी असते, ती त्यात किती सामान चालेल ते सांगते. पाण्याचे एक गॅलन सुमारे ८.३ पौंड भरते. ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पौंड केवळ पाणीच ओढत आहात हे ध्यानात ठेवावे.

परवान्याच्या दृष्टीने कॅलिफोर्नियात नेहमीच्या क्लास सी परवान्यावर १०,००० पौंडांपर्यंत जीव्हीडब्ल्यूआर असलेला ट्रेलर ओढता येतो, त्यामुळे बहुतेक नवख्या कुटुंबांना वेगळा परवाना लागत नाही. विम्याच्या एजंटाला मात्र आधीच फोन करावा. गाडीच्या विम्यातून ट्रेलरमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीला संरक्षण मिळत असले, तरी खुद्द ट्रेलरचे नुकसान त्यातून भरून निघेलच असे नाही, आणि ट्रेलरची पॉलिसी ताबा घेण्याच्या दिवसापासूनच चालू असायला हवी.

जोडणीचे साहित्य

या वजनाच्या ट्रेलरसाठी नुसता बॉल, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेला लोखंडी गोळा, पुरत नाही. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घ्यावा आणि त्याच्यातच हेलकावे रोखण्याची सोय असलेला घ्यावा. या हिचच्या दोन लवचिक दांड्या टंगच्या भाराचा काही हिस्सा गाडीच्या पुढच्या चाकांकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. एरवी मागचा भाग दबून पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. तो नीट बसला आहे की नाही, हे मोजपट्टीने पाहता येते. ट्रेलर जोडण्यापूर्वी पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची मोजावी, ट्रेलर जोडून दांड्या न लावता पुन्हा मोजावी, आणि दांड्या ताणल्यावर तिसऱ्यांदा. वर गेलेले बोनेट किती खाली यायला हवे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. विक्रेता ही जुळवणी रिकाम्या ट्रेलरवर करून देतो, त्यामुळे सामान भरल्यावर ती पुन्हा तपासावी लागते. ट्रेलर समतल किंवा नाकाकडून किंचित खाली असावा, नाक वर करून उभा राहिलेला नको.

बॉलचा व्यास आणि ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे टंगच्या टोकाशी बॉलवर बसणाऱ्या टोपीवर, कोरलेला आकडा एकच असला पाहिजे. या आकाराच्या ट्रेलरला बहुधा २ ५/१६ इंची बॉल लागतो. २ इंची बॉल त्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. ब्रेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारे यंत्र, प्रपोर्शनल प्रकारचा घ्यावा, म्हणजे आपण जितका ब्रेक दाबू तितक्याच प्रमाणात ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक लागतात. आरसे ट्रेलरच्या रुंदीबाहेर येणारे असावेत. मागचा २०० फुटांचा रस्ता दिसला पाहिजे, असा राज्याचा नियमच आहे.

विक्रेत्याच्या आवारातील दिवस

वेळ सकाळची आणि शक्यतो कामाच्या दिवसाची मागावी, कारण शनिवारी एकाच कारागिराच्या अंगावर तीन-चार गिऱ्हाइके असतात. फ्रिज आदल्या दिवशीच चालू करून ठेवायला सांगावे. गॅस-विजेवर चालणाऱ्या जुन्या धर्तीच्या फ्रिजला थंड व्हायला कित्येक तास लागतात आणि अर्ध्या तासाच्या भेटीत त्याविषयी काहीच कळत नाही. त्या मॉडेलवर काही रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने परत बोलावणे, निघाले आहेत का, हे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर घरूनच पाहून जावे. जाताना शिडीवर चढण्याजोगे बूट, टॉर्च, टायरचा दाबमापक, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळण्याचा पाना), मोजपट्टी, साबणाचे पाणी भरलेली फवारणीची बाटली आणि वही घ्यावी. मुले आणि आजी-आजोबा यांना या दिवशी घरीच ठेवावे, असे मी कळकळीने सुचवतो. सगळ्यांना घेऊन गेले की जेवणाची वेळ होते, कंटाळा येतो आणि तपासणी आटोपती घेतली जाते.

कारागीर आपल्याला ट्रेलर दाखवत फिरतो तो फेरफटका शिकवणीचा असतो. तपासणी त्याहून वेगळी असते आणि ती आपण करायची असते. आधी वाहनाचा १७ अक्षरांचा क्रमांक कागदांवर आणि चौकटीवर एकच आहे हे पाहावे. मग छत. शिडीवरून वर जाऊन प्रत्येक झरोक्याभोवती आणि पाइपाभोवती लावलेला सीलंट सलग आहे ना, कुठे भेग किंवा बोटभर जागा सुटलेली नाही ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहावे, कारण ट्रेलरचे आयुष्य छतातून झिरपणाऱ्या पाण्यामुळेच संपते. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हवेचा दाब टायर थंड असताना, ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे पुढे लावलेल्या पट्टीवरील आकड्याइतका असावा. स्लाइड-आउट, म्हणजे खोलीचा बाहेर सरकणारा भाग, पूर्ण बाहेर काढून पूर्ण आत घ्यावे आणि तसे करताना रबराच्या कडा दुमडत नाहीत ना हे एकाने आतून व एकाने बाहेरून पाहावे.

सगळ्यांत जास्त वेळ पाण्याला द्यावा. आधी आवारातील नळी जोडून सर्व नळ, शॉवर आणि शौचालय चालवावे. नंतर नळी काढून टाकीतले पाणी ट्रेलरच्या पंपाने फिरवावे. सगळे नळ बंद केल्यावर पंप थांबला पाहिजे आणि थांबूनच राहिला पाहिजे. आम्ही सिंकखालच्या कपाटातला पसारा बाहेर काढून टॉर्च लावून बसलो होतो. दहा मिनिटे काही झाले नाही. मग एकही नळ उघडा नसताना पंप सेकंदभर गुरगुरला आणि थांबला. कारागीर म्हणाला, नळीत हवा राहिली असेल. चार मिनिटांनी पुन्हा तेच. शॉवरच्या मागची फळी चार स्क्रू काढून उघडली तेव्हा प्लास्टिकच्या पाइपाच्या कोपऱ्यावर एक थेंब जमत होता. फुगत जाऊन तो खालच्या लाकडावर पडायचा, आणि तिथे रुपयाएवढा काळपट डाग आधीच उमटलेला होता. जोड हातानेच आवळून सोडलेला होता. दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. हाच थेंब सहा महिन्यांनी सापडला असता, तर खालची जमीन उखडावी लागली असती. कारागिराला मी दोष देत नाही. त्याच्या हाती त्या दिवशी तीन ट्रेलर होते. पण त्या चार मिनिटांच्या थांबण्याचे मोल मला तेव्हा कळले.

गरम पाण्याच्या टाकीत पाणी भरलेले आहे याची खात्री गरम पाण्याचा नळ उघडून, सलग धार आल्यावरच करावी आणि त्यानंतरच विजेचे बटण लावावे. कोरड्या टाकीत विजेची कांडी काही क्षणांत जळते. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फवारून बुडबुडे येतात का पाहावे, शेगडीचे सर्व बर्नर आणि खोली तापवणारी भट्टी प्रत्यक्ष पेटवून पाहावी. गॅस, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या यंत्रांवर मुदतीची तारीख असते, तीही वहीत टिपावी. वातानुकूलन यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवावे. निघण्यापूर्वी सगळ्या टाक्या रिकाम्या करून घ्याव्यात.

जे सापडेल ते कागदावर लिहून, दुरुस्त झाले किंवा अमुक तारखेला होईल असे लिहून घेऊन त्यावर दोघांच्या सह्या कराव्यात. एखादा भाग मागवावा लागणार असेल आणि त्यावाचून प्रवास सुरक्षित असेल, तर ट्रेलर न्यायला हरकत नाही. ब्रेक, टायर, दिवे, गॅस किंवा पाणी झिरपणे यांपैकी काही असेल, तर मात्र तो तिथेच सोडून रिकाम्या हाताने घरी यावे. सकाळपासून उत्साहाने थांबलेल्या माणसाला हे जड जाते, मला माहीत आहे.

जोडणीचा क्रम

पहिल्या जोडणीला कारागिराला मदत करू द्यावी, पण मग सगळे सोडायला लावून दुसरी जोडणी स्वतः करावी. क्रम दरवेळी एकच ठेवावा आणि मध्ये कोणी बोलायला आले तर सुरुवातीपासून पुन्हा तपासावे. चाकांना पाचरी लावलेल्या असताना गाडी मागे घेऊन बॉल कपलरच्या बरोबर खाली आणावा, पुढचा जॅक खाली करत कपलर बॉलवर बसवावा, कुलूपपट्टी बंद करून तिच्यात पिन घालावी. इथे बहुतेक जण पुढच्या कामाकडे वळतात. त्याआधी जॅकने टंग पुन्हा वर उचलावी: कपलर खरोखर अडकलेला असेल तर गाडीची मागची बाजू दोनेक इंच त्याच्याबरोबर उचलली जाते, आणि अडकलेला नसेल तर कपलर बॉलवरून सुटून वर येतो. दिसायला दोन्ही वेळा पट्टी बंदच असते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये.

त्यानंतर हिचच्या दांड्या लावाव्यात. सुरक्षा साखळ्या टंगखाली एकमेकींना ओलांडून अडकवाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी टंग रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत राहील. ब्रेकअवेची बारीक तार गाडीला वेगळ्या जागी अडकवावी, साखळीला किंवा बॉलच्या माउंटला नको, कारण तेच निसटले तर ही तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागणे हेच तिचे काम आहे. ती चालते का हेही आवारातच पाहावे: ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक गाडीशी जोडणारा सात पिनांचा प्लग लावण्यापूर्वी ब्रेकअवेची पिन उपसावी आणि गाडी हळूच पुढे घेऊन ट्रेलरची चाके अडतात का बघावे, मग पिन ताबडतोब परत लावावी. नंतर सात पिनांचा प्लग जोडून एकाने मागे उभे राहून डावा, उजवा आणि ब्रेकचा दिवा मोठ्याने सांगावा. जॅकचा पाय पूर्ण वर, पायरी आत, अँटेना खाली, खिडक्या व छताचे झरोके बंद, गॅसच्या टाक्या बंद, आणि सर्वांत शेवटी पाचरी काढून एक पूर्ण प्रदक्षिणा.

मोकळ्या जागेत अर्धा तास

आवारातून निघून थेट महामार्गावर चढू नये. मँटीका आणि रिपनच्या बाहेर बदामाच्या बागांमधून जाणारे सरळ, सपाट, फारशी वर्दळ नसलेले रस्ते आहेत. आम्ही तिथे गेलो. प्रथम ताशी २० ते २५ मैलांच्या वेगात कंट्रोलरची कळ हाताने पूर्ण सरकवून ट्रेलर कितपत ओढून धरतो ते पाहावे, आणि चाके घासटत अडणार नाहीत पण गाडी ठामपणे मंदावेल इतका गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, ठेवावा. नवे ब्रेक सुरुवातीला कमी धरतात. मागे वाहन नसताना ताशी ४० मैलांवरून २० मैलांपर्यंत, मध्ये थंड व्हायला वेळ देत, २० ते ३० वेळा वेग उतरवला की ते बसतात, आणि मग गेन पुन्हा जुळवावा लागतो.

याच वेळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये वळण्याचा आणि मागे घेण्याचा सराव करावा. वळताना ट्रेलर आतली बाजू कापतो, म्हणून नेहमीपेक्षा पुढे जाऊन मग वळावे. शिवाय त्याचे शेपूट उलट्या दिशेला बाहेर फेकले जाते, जे पेट्रोल पंपावरच्या खांबाला लागते. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा आणि ट्रेलरचे शेपूट ज्या बाजूला न्यायचे त्या बाजूला तो हात न्यावा. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात मागे घेणारे ट्रॅक्टरचालक ज्याने पाहिले असतील, त्याला हे काम सावकाशीने आणि स्टिअरिंगच्या अगदी थोड्या हालचालींनी होते हे ठाऊक असेल. मागे उभे राहून खुणा करणारा माणूस आरशातून दिसेनासा झाला की तत्क्षणी थांबावे, आणि शंका आली की उतरून बघून यावे.

ट्रेसी, आल्टामाँट आणि सुनोल

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कमाल वेग ताशी ५५ मैल आहे, पाटीवर ६५ किंवा ७० लिहिलेले असले तरी. उजवीकडच्या मार्गिकेतून चालावे लागते. एका दिशेला चार किंवा अधिक मार्गिका असतील तर उजवीकडच्या दोन वापरता येतात. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसाने बसायला कायद्याने मनाई आहे, झोपलेल्या मुलांनाही. ट्रेलर उचलण्यापूर्वीच गाडीत इंधन भरून घ्यावे, म्हणजे पहिल्याच दिवशी पंपाच्या खांबांमधून वाट काढावी लागत नाही. फोनवरचा नकाशा जवळचा म्हणून नाइल्स कॅन्यनचा अरुंद, वळणावळणाचा रस्ता सुचवू शकतो. तो आधीच टाळून आय-२०५, आय-५८० आणि आय-६८० हाच मार्ग ठरवावा.

चाकांचे नट हा नव्या ट्रेलरचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नव्या चाकांचा रंग आणि धातू पहिल्या काही मैलांत बसतात आणि नट सैल होतात, म्हणून निघताना आणि नंतर १०, २५ आणि ५० मैलांवर ते टॉर्क रेंचने, पुस्तिकेतील मापाप्रमाणे, चांदणीच्या आकाराच्या क्रमाने तपासायचे असतात. पहिली तपासणी आम्ही बागांच्या रस्त्यावरच केली. तिथल्या सरावाचे मैलही यात धरायचे. दुसरी ट्रेसीला एका मोठ्या पार्किंगमध्ये केली. उजवीकडच्या मागच्या चाकाचे दोन नट रेंच ‘टक’ करण्याआधी जवळजवळ पाव फेरा फिरले. त्याच थांब्यावर हात चाकाच्या मध्याजवळ नेऊन एखादे चाक इतरांहून जास्त तापले आहे का तेही पाहावे.

आल्टामाँटच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे, आणि ती तिथे का आहे हे ट्रेलर ओढताना समजते. उन्हाळ्यात दुपारनंतर सेंट्रल व्हॅली तापते आणि समुद्राकडची थंड हवा या खिंडीतून आत धावते. पश्चिमेकडे येणाऱ्याला वारा बहुतेक समोरून असतो, पण रस्ता वळला की तो अचानक बाजूने लागतो. माझी चूक ही की सह्या आणि दुरुस्तीत वेळ गेल्यावर आम्ही पाचनंतर खिंडीत शिरलो. एका वळणावर वाऱ्याचा झोत आणि शेजारून गेलेल्या ट्रकचा लोट एकाच वेळी आले आणि ट्रेलर दोनदा हलला. अशा वेळी पाय ब्रेककडे जातो. तो जाऊ देऊ नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे, हेलकाव्याच्या उलट ते फिरवू नये, आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी कंट्रोलरची कळ हाताने दाबावी. ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. तसा तो झाला, मी वेग ४५ वर आणला आणि लिव्हरमोरपर्यंत तसाच ठेवला. त्या तासाला शिरण्याची सक्ती नव्हती. आवारात रात्रभर ट्रेलर उभा करू देतात का असे विचारून सकाळी अकरा-बाराला, वारा उठण्याआधी आणि कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, निघता आले असते. नवख्याने तसेच करावे.

खिंडीच्या पश्चिम उतारावर आणि पुढे सुनोलहून फ्रीमाँटकडे उतरताना टो-हॉल मोड (ओढकामासाठी गियर जुळवून घेण्याची गाडीतली सोय) चालू ठेवून माथ्यावरच वेग कमी करावा आणि खालच्या गियरमध्ये उतरावे. ज्या गियरने चढायचे त्याच गियरने उतरायचे, हा घाटातल्या ट्रकचालकांचा जुना नियम खंडाळ्यात जितका लागू आहे तितकाच इथे. वेग वाढला तर ब्रेक ठामपणे दाबून पाच-सात मैलांनी वेग उतरवावा आणि पाय काढावा. पाय सतत टेकवून ठेवला की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात.

घरी पोहोचल्यावर

दारापुढे ट्रेलर उभा करता येईल असे गृहीत धरू नये. अनेक शहरांत रस्त्यावर एकाच जागी ७२ तासांपेक्षा जास्त वाहन ठेवता येत नाही आणि कित्येक गृहसंस्थांचे नियम त्याहून कडक असतात. साठवणुकीची जागा ताबा घेण्याआधीच ठरलेली हवी. उभा केल्यावर आधी दोन्ही बाजूंच्या चाकांना पाचरी, नंतर जॅक, नंतर साखळ्या आणि प्लग, आणि शेवटी कपलर. उतरत्या ड्राइव्हवेवर हा क्रम चुकला तर ट्रेलर स्वतःहून चालू लागतो. चार कोपऱ्यांचे पाय ट्रेलर स्थिर धरण्यासाठी असतात, त्यांनी तो उचलायचा नसतो.

विजेबाबत भारतातून आलेल्यांनी विशेष सावध असावे. ट्रेलरचा ३० अँपिअरचा तीन पायांचा प्लग १२० व्होल्टचा असतो, पण तो दिसायला कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या प्लगसारखा दिसतो आणि घरी नवे सॉकेट बसवणारे इलेक्ट्रिशियनही कधी कधी २४० व्होल्ट जोडून ठेवतात. ट्रेलर जोडण्यापूर्वी मीटरने व्होल्टेज मोजून घ्यावे. घरच्या साध्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर लावून बॅटरी भरणे आणि दिवे लावणे चालते. वातानुकूलन यंत्र चालवू नये.

पहिली रात्र ट्रेलरमध्ये घराच्या दारातच, किंवा तासाभराच्या अंतरावरील एखाद्या कॅम्पग्राउंडवर काढावी. गरम पाणी करावे, चहा टाकावा, भट्टी पहाटेपर्यंत चालू ठेवावी, सर्वांनी अंघोळी कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉर्च घेऊन सिंकखाली आणि शॉवरच्या फळीमागे पाहावे. जे काही सापडेल ते तारीख घालून, छायाचित्रासह, त्याच आठवड्यात विक्रेत्याला लेखी कळवावे. सामान भरून पहिल्या सहलीला निघताना ट्रक थांब्यावरील कॅट स्केल या वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर यांचे वजन करून घ्यावे आणि घरी मांडलेल्या हिशेबाशी ताडून पाहावे. आमचे टंग वेट ७९० पौंड भरले, म्हणून पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके पुढच्या कप्प्यातून चाकांच्या वरच्या कपाटात हलवावे लागले.